नाव आजीचं, हाडं शेजारणीची

ऐकलंत का? थांबा, आधी दार लोटून घ्या. टाटांची सिएरा परत आली, हे तुमच्या कानावर असेलच. २५ नोव्हेंबर २०२५ ला आली, ११ लाख ४९ हजारांपासून पुढे. पण ती आल्यापासून आमच्या नगरच्या भिंगारमध्ये जे काही बोललं जातंय ना, ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. म्हणून जरा सविस्तरच सांगते.

विजय लाईन चौकाजवळची टपरी. पूर्वी तिथे सभ्य माणसं बसायची. पेन्शन कधी वाढणार, पाऊस कुठे अडला, कांद्याला काय भाव लागला, एवढंच बोलायची. आता तीच माणसं, कुणी निवृत्त सुभेदार, कुणी बँकेतले, दोघं-तिघं तर नातवंडांना शाळेत सोडून परतणारे आजोबा, चहाचा ग्लास हातात धरून एकमेकांना विचारतात, "वरून सिएरा दिसते रे, पण खाली कोण आहे?" भर चौकात! खाली कोण म्हणजे चेसिस कुणाची, हे मला घरी आल्यावर ह्यांनी समजावलं. तोवर मी मान खाली घालून तिथून निघून आले होते. जरा हळू चालले, एवढंच.

भानगड अशी आहे. हल्ली मोटारकंपन्या प्रत्येक गाडीची हाडं वेगळी घडवत नाहीत. तळाचा सांगाडा, चाकं जिथे जोडली जातात तो भाग, स्टेअरिंग, इंजिन किंवा बॅटरी बसवायची जागा, टक्कर झाली तर धक्का पचवणारी पुढची रचना असा सगळा ऐवज एकदाच बेततात आणि त्यावर चार-पाच गाड्या उभ्या करतात. वरचा पत्रा वेगळा, नाव वेगळं, किंमत तर वेगळीच. ह्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. पैसा खरा जिरतो तो ह्या न दिसणाऱ्या भागात. वरचं रूप बदलणं त्या मानाने स्वस्त पडतं.

झालं! एवढं कळल्यावर आमच्या मंडळींना आशेची पालवी फुटली. सांगाडा तयारच पडलाय, मग वर कॉन्टेसा का नको? बँकेतल्या काकांना सिएराच्या हाडांवर कॉन्टेसा हवी. लांब नाक, रुंद कंबर, सगळी जशीच्या तशी. सुभेदारांना स्कॉर्पिओच्या चौकटीवर जोंगा हवी. एकाला टियागोच्या बॅटरीवाल्या सांगाड्यावर पद्मिनी हवी आहे आणि गिअर मात्र स्टेअरिंगच्या दांडीलाच हवाय. बॅटरीच्या गाडीला गिअर नसतो म्हटलं, तर म्हणाले, "मग नुसती दांडी द्या. हाताला सवय आहे." मोबाईलवर रोज नवी चित्रं फिरतात. कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेली अ‍ॅम्बेसेडर, दिवे असे बारीक, चाकं ट्रकएवढी. खाली लिहिलेलं असतं, लवकरच येत आहे. ही लवकरच येणारी गाडी गेली कित्येक वर्षं लवकरच येतेय.

आणि गंमत बघा, हीच मंडळी गाडी खरोखर परत आली की नाकं मुरडतात. २०२१ च्या फेब्रुवारीत सफारी परत आली तेव्हा ह्यांच्यात सुतकच पडलं होतं. का? तर म्हणे ती हॅरिअरच्याच सांगाड्यावर आहे, आणि तो सांगाडा लँड रोव्हरच्या डी-८ वरून बेतलेला. शिवाय पुढच्या चाकांनी ओढणारी! जुनी सफारी मागच्या चाकांनी चालायची, वेळ पडली तर चारही लावायची. सुभेदार म्हणाले, "वहिनी, नाव आजीचं ठेवलंय आणि हाडं शेजारणीची आहेत." मी म्हटलं, अगं बाई, एवढी मोठी भानगड आणि कुणी बोललं कसं नाही?

म्हणून मी थेट गॅरेजवाल्या मामांकडे गेले. चाळीस-एक वर्षं इंजिनं बांधतायत, हाताच्या रेघांत ऑईल मुरलंय. त्यांना म्हटलं, मामा, खरं सांगा, पूर्वीच्या गाड्या कशा अस्सल कुळाच्या होत्या ना? त्यांनी पाना खाली ठेवला आणि एकेकीची जन्मपत्रिका अशी काही मांडली, की मला बाकावर बसावं लागलं.

१९९१ ची सिएरा. जिच्या मागच्या मोठ्या, वळलेल्या, कधीच न उघडणाऱ्या काचांसाठी हे लोक आजही उसासे टाकतात ती. पॉवर विंडो, एसी, काय तो थाट! तीनच दारं, त्यामुळे मागे बसायचं तर पुढच्याची खुर्ची वाकवून आत शिरायचं. आणि खाली कोण होतं? टाटा मोबाईल २०६! पिकअप हो, मालवाहू पिकअप! १९८८ मध्ये टाटांच्या टेल्कोने काढलेला. ज्यात टोमॅटोचे क्रेट, कोंबड्यांच्या जाळ्या आणि मंडपाच्या खुर्च्या जायच्या, त्याच्याच चेसिसवर ही नखरेल बाई उभी होती. बरं, ती एकटी नाही. तिची बहीण इस्टेट, मागून १९९४ मध्ये आलेली सुमो आणि १९९८ ची सफारी, सगळं एकाच हाडापेराचं कुटुंब. एक्स-२ असं त्या सांगाड्याचं नाव. सुमो म्हणजे तर टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली आद्याक्षरं जोडून केलेलं बारसं. नगर-पाथर्डी, नगर-जामखेड रस्त्यांवर दाटीवाटीने वऱ्हाडं वाहणारी सुमो आणि मुंबईत नटनट्यांच्या दारात उभी राहणारी सिएरा सख्ख्या बहिणी निघाल्या! आणि ज्या सफारीची हाडं शेजारणीची म्हणून सुभेदार रडत होते, तिच्या आजीची हाडं पिकअपची होती, हे कुणी सांगायचं त्यांना? मी सांगितलं. दोन दिवस ते टपरीवर आले नाहीत.

मग मामा थांबेनातच. अ‍ॅम्बेसेडर? इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला नाव बदलून इथली झाली आणि २०१४ च्या मे महिन्यापर्यंत निघत राहिली. म्हातारपणी तिच्या पोटात जपानच्या इसुझूचं इंजिन बसवलं होतं. कॉन्टेसा? व्हॉक्सॉल व्हिक्टर नावाच्या इंग्लिश गाडीची अंगकाठी, आणि पुढे तिलाही इसुझूचंच इंजिन. पद्मिनी तर इटलीच्या फियाटची लेक, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट म्हणून वाढली आणि पुढे पद्मिनी झाली. जिप्सी सुझुकीची. बजाजची चेतक व्हेस्पाच्या घरची. म्हणजे ज्यांच्या शुद्ध रक्तासाठी हे लोक टपरीवर गळे काढतात, त्यातली एकसुद्धा आपल्या हाडांवर उभी नव्हती. आपल्याकडे आली ती परक्याचा सांगाडा घेऊन, आणि आपण तिला घरची म्हटलं. चाळीस वर्षं म्हटलं, म्हणून ती घरची झाली. मला विचाराल तर ह्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायला हवी ती आज कूळ विचारणाऱ्यांना.

पण कूळ न बघता नुसतं नाव विकत घेणारेही आहेत, आणि ती भानगड ऐकाच. २०१७ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने अ‍ॅम्बेसेडर हे नाव ८० कोटींना घेतलं. गाडी नाही, कारखाना नाही, नुसतं नाव! ८० कोटी! आणि घेऊन काय केलं? काही नाही. आजतागायत त्या नावाची एकही गाडी त्यांनी रस्त्यावर आणलेली नाही. आता हे प्यूजो कोण, तर आपल्याकडचे जुनेच जावई. नव्वदच्या दशकात प्रीमियरशी सोयरीक करून कल्याणला प्यूजो ३०९ काढत होते, त्याच प्रीमियरने त्याच सुमाराला फियाटशीही संधान बांधलं होतं, आणि १९९७ मध्ये प्यूजोसाहेब सामान बांधून परत गेले. एका घरात दोन-दोन जावई म्हटल्यावर दुसरं काय होणार? आणि आता त्यांच्याच तिजोरीत अ‍ॅम्बेसेडरचं नाव पडून आहे. बँकेतल्या काकांनी हे ऐकल्यावर हिशेब केला की पाच अक्षरी नाव धरलं तर अक्षरामागे सोळा कोटी जातात. बँकेतली माणसं ती, दुःखातही भागाकार करतात.

परदेशात तरी बरं असेल म्हणाल, तर तिथेही हीच रड. फोक्सवॅगनची बीटल, जिचं इंजिन मागे आणि डिकी पुढे असायची, ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत आली तेव्हा गोल्फच्या सांगाड्यावर आली आणि इंजिन गपचूप पुढे येऊन बसलं. फियाट ५०० ही २००७ मध्ये पांडाच्या हाडांवर आली. टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये परतली ती थेट बीएमडब्ल्यूच्या झेड-४ बरोबर, ऑस्ट्रियातल्या ग्राझला एकाच कारखान्यात एकाच मांडीवर खेळलेली. आणि २०२४ मध्ये फोर्डने कॅप्री हे नाव काढलं आणि ते फोक्सवॅगनच्या विजेच्या सांगाड्यावर चढवलं, ते पण पाच दारांच्या उंच गाडीला! इंग्लंडातल्या जुन्या कॅप्रीवाल्यांनी म्हणे डोकं धरलं. मला त्यांची कीव आली. त्यांना सांगायला कुणी गॅरेजवाले मामा नव्हते.

बरं, मोटारींचं सोडा, आमच्या गावात तर रणगाड्यांचीही ही सवय आहे. फराहबागेजवळचं रणगाडा संग्रहालय पाहिलंय ना? १९९४ पासून आहे, नगरला आलेला पाहुणा तिथे नेल्याशिवाय सुटत नाही. त्यात रोल्स रॉईसची चिलखती गाडी आहे. रोल्स रॉईस! राजेमहाराजे ज्या सिल्व्हर घोस्टमधून मिरवायचे, तिच्याच चेसिसवर पहिल्या महायुद्धात लोखंडी पत्रे ठोकून वर मशीनगनचा बुरूज बसवला होता. आणि आपला विजयंता रणगाडा? ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीचा आराखडा, बांधणी चेन्नईजवळ आवडीला. पुढे त्याच विजयंताच्या सांगाड्यावर १३० मिलिमीटरची रशियन तोफ चढवली आणि नाव ठेवलं कॅटापल्ट. इंग्रजी हाडं, रशियन तोंड, कागदपत्रं हिंदुस्थानी, आणि सरहद्दीवर कुणी कुळाची चौकशी केली नाही. सुभेदारांना हे मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, फौजेत चालतं." मग सिव्हिलमध्ये का चालू नये, ह्यावर त्यांनी चहा मागवला.

सुभेदारांचं दुखणं जोंगाचं आहे, हे सगळ्या भिंगारला ठाऊक आहे. नोकरीत चालवलेली जोंगा, हिरवीगार, चार लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन, बंबासारखं पेट्रोल प्यायची. जबलपूरच्या कारखान्यात बनायची आणि मुळात निस्सानची पेट्रोल. म्हणजे गाडीचं नाव पेट्रोल, इंधन पेट्रोल नव्हे. पहा, मीही गोंधळले. १९९९ मध्ये बंद झाली. कंडम झालेल्या जोंगा लिलावात निघतात, आणि त्या घेणारी पोरं खरी उपद्व्यापी. हिरव्या रंगावर नारिंगी, टायर खांद्याएवढे, आणि बॉनेटखाली भलत्याच कंपनीचं डिझेल इंजिन. आरसी बुकावर एक, पोटात दुसरं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असे परस्पर बदल चालणार नाहीत. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २० हजार लागतात, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणजे जी पोरं जुन्या गाडीला तरुण करायला निघाली होती, त्यांचीच गाडी ना धड विंटेज, ना धड नवी. एकाने मला विचारलं, "काकू, मग करायचं काय?" मी म्हटलं, रंग तरी परत हिरवा कर, रात्री अंगणात दचकायला होतं.

ह्या नियमांमुळेच तर सगळ्यांची भिस्त कंपन्यांवर आहे. घरी करता येत नाही, तर कंपनीने करून द्यावं. पण त्यातही मेख आहे, आणि ती आमच्या नगरातच बसली आहे. दौंड रस्त्याला वाहननगरला व्हीआरडीई आहे, डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा. गाडी रस्त्यावर आणायची तर ज्या मोजक्या सरकारमान्य संस्थांकडून तपासून घ्यावी लागते, त्यातली ती एक. तिथल्या टेस्ट ट्रॅकवर आठवणींचे गुण मिळत नाहीत. ब्रेक किती अंतरात लागतात, धूर किती, टक्कर झाली तर आतल्या माणसाचं काय होतं, एवढंच विचारतात. एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या ताऱ्यांचा हिशेब सुरू झाला. जुन्या पद्मिनीचा पातळ, नाजूक खांब आणि त्यामधून दिसणारं ते मोकळं आभाळ आता मिळणं कठीण. आता खांब जाड होतात, नाक उंच होतं, दारं फुगतात. म्हणून परत आलेली प्रत्येक आजी जरा व्यायामशाळेत जाऊन आल्यासारखी दिसते. नव्या सिएराच्या मागे ती काच आहे खरी, पण अर्धी काळ्या रंगाची किमया आहे. पाच दारं आहेत, आणि हाडं ह्या वेळी पिकअपची नाहीत, आर्गोस नावाच्या नव्या सांगाड्याची. कंपनीने तो एका गाडीपुरता थोडाच बेतला असेल? उद्या त्याच्यावर आणखी भावंडं उभी राहतील, आणि तेव्हा टपरीवर पुन्हा सुतक पडेल.

शिवाय एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी बोलते. परत आणा, परत आणा म्हणून ओरडणाऱ्यांपैकी घेणार कोण? बँकेतल्या काकांच्या दारात वॅगनआर आहे आणि तिला ते जिवापाड जपतात. कॉन्टेसा उद्या आली तर पहिल्या दिवशी शोरूमला जाऊन दार उघडून बघतील, डोळ्यांत पाणी आणतील, आणि "पण तो जुना वास नाही" म्हणून वॅगनआरमधून घरी येतील. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. आठवण काढणारा एक आणि गाडीचे हप्ते भरणारा दुसराच असतो. २०१८ मध्ये जावा परत आली, इंजिन महिंद्राच्या मोजोवरून बेतलेलं. जुन्या जावावाल्यांनी टू-स्ट्रोकचा तो फटफटाट नाही म्हणून बोंब मारली, आणि घेऊन गेली ती पंचविशीतली पोरं, ज्यांनी मूळ जावा कधी पाहिलीही नव्हती. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर, हा काय देखावा म्हणून हसणारेही होते. मामा म्हणाले, जुन्या अडीचशेलाही एकच सिलिंडर आणि दोनच सायलेन्सर होते.

आता घरचंच सांगते, कारण बाहेरच्यांची हाडं मोजून झाली. लुना! आमच्या नगरची लुना. फिरोदिया घराणं नगरचं, कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. एकेकाळी बजाज आणि फिरोदिया भागीदार होते, मग बिनसलं, तो वेगळाच अध्याय आहे आणि तो मी फक्त तोंडी सांगते. १९७२ मध्ये लुना आली, ५० सीसीची, दोन हजारांच्या आसपास किंमत. नगरमधल्या निम्म्या शिक्षिका, पोस्टमन आणि विमा एजंट तिच्यावर बसून म्हातारे झाले. तिचीही जन्मपत्रिका मामांनी काढलीच. इटलीच्या पियाजिओची चाओ नावाची मोपेड. म्हणजे माझी स्वतःची लुना, जिच्यावर मी साडी सावरत शाळेत गेले, ती इटालियन हाडांची! मी मामांकडे पुढचे आठ दिवस गेले नाही.

कायनेटिकचं दुसरं नाव तर आणखी रंगतदार. १९८४ मध्ये होंडाशी सोयरीक, कायनेटिक होंडा, बटण दाबलं की सुरू. १९९८ मध्ये होंडा वेगळी झाली. आणि २०२५ च्या जुलैत त्याच स्कूटरचं डीएक्स हे नाव विजेवर परत आलं, माहेरच्या नावाने, सासरचा उल्लेख नाही.

आणि ई-लुना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, ६९ हजार ९९० पासून. आता ऐका. तिच्या सांगाड्याचं, स्टँडचं काम नगरच्याच कारखान्यात होतं. ना इटली, ना जपान. पहिल्यांदाच परत आलेल्या एका गाडीची हाडं गावची निघाली! मला वाटलं, आता तरी टपरीवर पेढे वाटतील. तर बँकेतले काका तोंड पाडून बसलेले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "पायडल नाहीत." अहो, ज्या पायडलना आम्ही जन्मभर शिव्या दिल्या! पेट्रोल संपलं की चढावर नऊवारीतली बाईसुद्धा सायकलसारखी मारत यायची, मागे पोरं टाळ्या पिटायची. ते पायडल नाहीत म्हणून काका खट्टू. सुभेदार म्हणाले, आवाज नाही. तिसरा म्हणाला, धूर नाही, मग मागे कोण आलं ते कळणार कसं?

तेवढ्यात आमचा दूधवाला टपरीवर आला. त्याने ई-लुना कधीच घेतली होती, कुणाला न विचारता. पुढच्या सपाट जागेत दोन कॅन, मागे दोन कॅन. दीडशे किलोपर्यंत वजन घेते म्हणाला. काकांनी त्याला अगदी गंभीरपणे विचारलं, "अरे, पण जुनीची आठवण येत नाही का?" तो म्हणाला, "कुठली जुनी? माझी तर हीच पहिली," आणि उरलेला चहा एका घोटात संपवून, आवाज न करता, काकांच्या पायावरून जाता जाता वाचला.